आधी मापा, मग उपटा: माळ्यावरचे जुने होम कॉम्प्युटर आणि सरसकट कपॅसिटर बदलण्याची साथ

मालवणी मीटर

परवा 'रत्नांग्रीचा झेडएक्स' यांनी इथे, या फोरमवर, छातीठोकपणे लिहिलं: जुना होम कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला की वीज देऊच नका, आधी आतले सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे, नळकांड्यासारखे भाग) उपटून नवे घाला, कारण कोकणच्या दमट हवेत चाळीस वर्षांचा एकही कपॅसिटर जिवंत राहत नाही. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो. काल त्याच सल्ल्याने मारलेला एक झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा जुना होम कॉम्प्युटर, माझ्या टेबलावर आला, म्हणून आता सविस्तर लिहितो.

४८के मेमरीचा, इश्यू ३चा (तिसऱ्या आवृत्तीचा) बोर्ड. एक मुलगा घेऊन आला, त्याच्या मामाचा. चालू केला की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या, बाकी काही नाही. मुलाने सल्ला मानून सगळे कपॅसिटर बदलले. दोन उलटे बसले, तीन ठिकाणी पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) उचकटलं, पट्ट्या होत्या तिथेच राहिल्या. मी मीटर लावला. ७८०५ या रेग्युलेटरमधून ५ व्होल्ट ठणठणीत. मग ४११६ या रॅमच्या (मेमरीच्या) चिपांच्या पायांवर गेलो: नवव्या पायावर ५ आहेत, आठव्यावर १२ पाहिजेत ते नाहीत, पहिल्यावर उणे ५ पाहिजेत तिथे काहीच नाही. आठांपैकी एक चिप शॉर्ट होती, तिने १२ आणि उणे ५ बनवणाऱ्या भागातला टीआर४ ट्रान्झिस्टर खाल्ला होता. हा स्पेक्ट्रमचा अगदी ठरलेला आजार. मापायला पाच मिनिटं लागतात.

माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. ४११६ ला उणे ५ मिळत नसताना वीज देत राहिलं की ती मरू शकते. मुलगा एकेक कपॅसिटर बदलून 'आता चालतो का' म्हणून वीज देत राहिला. आज आठांपैकी चार चिपा गेलेल्या आहेत. त्यातल्या किती आधीच गेल्या होत्या आणि किती आपण मारल्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. बिघडलेलं यंत्र स्वतःच सांगत असतं काय दुखतंय ते. न मापता त्याला हात लावला की ते सांगणं पुसलं जातं.

आणि दमट हवेबद्दल. इलेक्ट्रोलिटिक सुकतो तो उष्णतेने, वर्षानुवर्षं गरम रेग्युलेटरच्या शेजारी बसून. त्याच्या बुडाला रबराचं बूच असतं, पावसाळा त्याच्या आत शिरत नाही. आपली हवा खाते ती सॉकेटं, स्विच, एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेची जोडणी) आणि चिपांचे पाय.

रत्नांग्रीचा झेडएक्स

मीटरसाहेब, 'मारलेला' हा शब्द मागे घ्या. कपॅसिटर उलटा बसवा असं मी कुठे लिहिलं होतं?

माझा सल्ला कुठून आला ते ऐका. २०१९ च्या गणपतीत काकांच्या घरचा बीबीसी मायक्रो (शाळांत चालायचा तो ब्रिटिश कॉम्प्युटर) खाली काढला. सुंदर चालला. दहा मिनिटांत मागून चटचट आवाज, आणि मग असा धूर की माजघरातले सगळे अंगणात पळाले. आमचं घर जुनं, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर पेंढा. आई आजही मला त्या खोलीत एकट्याला बसू देत नाही. पॉवर सप्लायमधला रिफा कंपनीचा कपॅसिटर फुटला होता. त्याच्या पिवळट अंगावर आधीच बारीक तडे होते, मला अर्थ कळला नव्हता. तिथे मीटर लावून काय दिसलं असतं?

कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या होम कॉम्प्युटरची वीट, म्हणजे बाहेरचा पॉवर सप्लाय, घ्या. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडतो, व्होल्टेज वर चढतं आणि रॅम भाजून निघते. पाच मिनिटं मापायची म्हणता, त्या पाच मिनिटांतच सगळं संपतं. मी लोकांना वाचवायला लिहिलं होतं.

मालवणी मीटर

रिफाचं शंभर टक्के मान्य. मेन्सवर, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेवर, बसलेला कागदी कपॅसिटर आहे तो, तड्यांतून ओल आत जाते आणि फुगून फुटतो. दिसला की काढायचा, त्यात चर्चा नाही. दमट हवेचा आरोप लागू पडतो तो नेमका त्याच्यावर. पण रिफा इलेक्ट्रोलिटिक नव्हे, आणि तुम्ही लिहिलं होतं इलेक्ट्रोलिटिक. तुमचा सल्ला जसाच्या तसा पाळणाऱ्याने सगळं बदललं असतं आणि रिफा तिथेच ठेवला असता.

कमोडोरची वीट मापायला कॉम्प्युटर जोडावाच लागत नाही. नुसती वीट भिंतीला लावा, डीसी बाजूला मीटर लावा. सव्वापाचच्या वर दिसलं की तिला बाजूला ठेवा. सव्वापाचच्या आत दिसली तरी विश्वास टाकू नका, लोड आल्यावर किंवा तापल्यावरही ती चढते. रोजच्या वापराला नवा सप्लाय घ्या.

दापोलीची मास्तरीण

माझा अनुभव मीटरकाकांच्या बाजूचा आहे, पण दोघांनी जरा आवाज खाली घ्यावा.

१९८४ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा 'क्लास' हा सरकारी प्रकल्प निघाला आणि बीबीसी मायक्रो देशभर गेले. त्यांतला एक फिरत फिरत एका शाळेच्या अडगळीत आला होता, भंगारात जायच्या आदल्या दिवशी मी मागून घेतला. स्विच दाबला की एकच लांब सूर, थांबतच नाही. ज्यांनी हे यंत्र वापरलंय त्यांना माहीत आहे, आधी एक जाडसर सूर येतो, मग तो तुटून छोटा 'बीप' होतो. पहिला सूर आवाजाची चिप जागी होताना आपोआप काढते, तो बंद करायचं काम आतला प्रोग्राम करतो. सूर थांबत नाही याचा अर्थ प्रोसेसर त्या प्रोग्रामपर्यंत पोचलेलाच नाही.

रत्नागिरीच्या एका कारागिराने न बघताच सांगितलं, सगळे कपॅसिटर बदलू, साडेतीन हजार. मी घरी आणला. सॉकेटातल्या चिपा एकेक करून सपाट स्क्रूड्रायव्हरने दोन्ही बाजूंनी थोड्या थोड्या उचलल्या. रॉमचे (आतला प्रोग्राम ठेवणाऱ्या चिपेचे) पाय काळे कुळकुळीत. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने पुसले, सॉकेटात दोन-तीनदा वरखाली केले. चालू केला. सूर तुटला, बीप आला, पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के'. मी एकटीच होते घरात, मोठ्याने रडले. खर्च आयपीएच्या बाटलीचा.

देवगडचा दर्या

काळ्या पायांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्याकडे २८६ या जुन्या पीसीचा बोर्ड होता, त्यावरची निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची बॅटरी फुटून हिरवा चिखल झालेला. सगळे म्हणतात व्हिनेगर लावा. घरात नव्हतं. आगळ होतं. अर्धा तास लावून ठेवलं, हिरवं सगळं निघालं, तांबं चकाकलं. कोकणात आमसुलाला पर्याय शोधायची गरजच काय?

मालवणी मीटर

आगळ?? दर्याभाऊ, आगळात मीठ किती असतं ते आईला विचारा. बॅटरीतून गळतं ते क्षार, त्याला हलकं आम्ल लावून शमवायचं इथपर्यंत तुमचा विचार बरोबर आहे. पण मीठ म्हणजे क्लोराईड. ते ट्रॅकच्या कडेखाली, चिपांच्या बुडाखाली शिरून बसतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि तांबं आतून कुरतडतं. आज चकाकतंय ते पुढच्या श्रावणात बघा.

देवगडचा दर्या

दोन श्रावण झाले. चालतोय. आणि मी नंतर पाण्याने धुतला होता.

मालवणी मीटर

कुठल्या पाण्याने?

देवगडचा दर्या

विहिरीच्या.

मालवणी मीटर

तुमची विहीर समुद्रापासून किती अंतरावर आहे, दर्याभाऊ? आमच्या इथल्या विहिरी मे महिन्यात मचूळ लागतात.

वाशिष्ठीकाठची

इथे मी बोलणार, कारण माझ्या यंत्राने खरंच पाणी बघितलंय. २२ जुलै २०२१, चिपळूण. तळमजल्यावर पाणी आलं तेव्हा आम्ही माणसं आणि कागदपत्रं वर नेली, मुलांचा डीबी स्पेक्ट्रम (भारतात विकला गेलेला स्पेक्ट्रम) कपाटातच राहिला. पाणी उतरलं तेव्हा तो चिखलाच्या ढेकळात होता.

सगळ्यांनी सांगितलं, तांदळात ठेव. चिखल भरलेली वस्तू तांदळात ठेवून काय होणार? चिखल वाळून दगड होतो आणि नदीच्या पाण्यातले सगळे क्षार बोर्डावरच राहतात. मी उलट केलं. वाळू दिलाच नाही. टाकीत शिल्लक होतं त्या पाण्याने चिखल धुतला, मग बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणून दोनदा बुडवला, शेवटी आयपीए. वीज किती दिवस नव्हती ते चिपळूणवाल्यांना विचारा. बोर्ड दापोलीला बहिणीकडे पाठवला, तिने खोक्यात ४० वॉटचा बल्ब लावून तीन आठवडे वाळवला. नंतर कीबोर्डचा मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ पडदा) तेवढा बदलावा लागला, तो तसाही तडकलेला होता.

तेव्हा आगळ, लिंबू, व्हिनेगर काहीही लावा, शेवटचं पाणी डिस्टिल्डच पाहिजे. विहिरीच्या पाण्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

लांज्याचा लाकूडतोड्या

लिंबू चालतं, मी लावलंय. आगळाची कल्पना ऐकून मात्र अंगावर काटा आला. सोलकढी पितळेच्या भांड्यात ठेवू नये म्हणतात ते उगाच नाही.

देवगडचा दर्या

कल्हई केलेल्या भांड्यात ठेवतात की! आणि बोर्डावर कल्हईच असते, शिसं-कथिलाची. तुम्ही सगळे मिळून मला वेड्यात काढताय. माझा बोर्ड चालतोय हे कोणाच्याच कामाचं नाही का?

वाशिष्ठीकाठची

कामाचं आहे, दादा. म्हणूनच सांगते, अजून चालतोय तोवर डिस्टिल्डने धुऊन घ्या.

देवगडचा दर्या

बघतो. पुढच्या वेळी बिनमिठाचा रस वापरेन, इतकंच कबूल करतो.

साखरपा ते दादर

तुम्ही आगळावर भांडा. खरं दुखणं वेगळं आहे. गणपतीला आणि शिमग्याला मुंबई-पुण्याहून माणसं येतात, 'काका, तो जुना टायपिंगचा डबा काय करायचाय' म्हणून पाचशे रुपयांत स्पेक्ट्रम उचलतात आणि तिकडे पंधरा हजाराला विकतात. आमच्या वाडीतून तीन गेले. इथे दुरुस्त काय करणार, यंत्रंच उरणार नाहीत.

रत्नांग्रीचा झेडएक्स

मी त्यातलाच एक, मुंबईत नोकरी करतो म्हणून सांगतो. मी नेलेली दोन यंत्रं नेली नसती तर वाळवीने खाल्ली असती. त्यातलं एकही विकलेलं नाही.

साखरपा ते दादर

तुमच्यासारखे दोन, दुसऱ्या तऱ्हेचे वीस. आणि तुम्ही तरी काकांना त्याची किंमत सांगितली होती का?

रत्नांग्रीचा झेडएक्स

नव्हती सांगितली. ती माझी चूक. मला तेव्हा माहीत नव्हती.

मूळ मुद्द्यावर येतो. मीटरसाहेब, तुमच्याकडे ऑसिलोस्कोप आहे, तीस वर्षांचा हात आहे. खेड्यातल्या नवशिक्या मुलाला झेड८० च्या (स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरच्या) सहाव्या पायावर क्लॉक बघ, सव्विसाव्यावर रीसेट बघ म्हणून सांगितलं तर तो यंत्र परत माळ्यावर टाकेल. कपॅसिटर बदलणं हे त्याला जमेल असं काम आहे. हात बसतो, धीर येतो.

मालवणी मीटर

हात बसवायचा तर भंगारातल्या टेपरेकॉर्डरवर बसवावा. ४११६ आज कोणी बनवत नाही. झिलॉगने जुन्या झेड८० च्या ऑर्डरीही जून २०२४ मध्ये बंद केल्या. जे आहे ते एवढंच. अडीचशे-तीनशे रुपयांचा मीटर आणि स्पेक्ट्रममधली पाच ठिकाणं, याला तीस वर्षांचा हात लागत नाही. मी लिहून देतो: ७८०५ च्या बाहेर ५. रॅमच्या ९ वर ५, ८ वर १२, १ वर उणे ५. झेड८० च्या ११ वर ५. उणे ५ नसेल तर त्याच क्षणी वीज बंद. बोट लावून कुठली चिप तापतेय ते बघा. एवढं झालं की मग सोल्डरिंगची गन हातात घ्या. आणि बीबीसीसारखा मेन्सचा सप्लाय असेल तर रिफा काढून पहिली वीज सिरीज बल्बमधून (वाटेत ओळीने जोडलेल्या बल्बमधून) द्या.

कणकवली ४८के

तो 'काल आलेला मुलगा' मी. मला न विचारता माझी चूक इथे सगळ्यांसमोर मांडलीत, काका. वाईट वाटलं. मी मूर्खपणा म्हणून नाही केला. इथे ज्यांना सगळं कळतं असं वाटलं त्यांचं ऐकलं.

मालवणी मीटर

बरोबर आहे तुझं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. माझा राग सल्ल्यावर होता, तुझ्यावर नव्हता. चार चिपा माझ्याकडच्या घालू. उपटलेले कपॅसिटर टाकले नसशील तर रविवारी घेऊन ये, मोजू.

कणकवली ४८के

रविवारी जाऊन आलो. आधी टीआर४ आणि शॉर्ट चिप, मग उरलेल्या तीन. पहिल्या पायावर उणे ४.९ आले. खाली कॉपीराइटची ओळ दिसली, १९८२ ची. मामाला व्हिडिओ कॉल लावला, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

जुने कपॅसिटर डबीत नऊ उरले होते. काकांच्या ईएसआर मीटरवर (कपॅसिटर तपासायच्या मीटरवर) एकेक लावला. सात चांगले. दोन वाईट, दोन्ही रेग्युलेटरच्या बाजूचे. पट्ट्यांचं कारण त्यांतला एकही नव्हता.

रत्नांग्रीचा झेडएक्स

नवातले दोन वाईट होतेच ना? तेवढं नीट लिहून ठेवा. मूळ सल्ल्यातलं 'सगळे' काढून 'रिफा लगेच, बाकी मापून' असं केलंय. 'कोकणच्या हवेत' हे शब्द मात्र मी काढणार नाही.

मालवणी मीटर

नका काढू. त्याच्यापुढे 'सॉकेटं आणि चिपांचे पाय' एवढं जोडा.