पित्ताची गोळी कुटून दिली तर चालते का?

प्रश्न
सासूबाईंना डॉक्टरांनी पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली आहे. त्यांना गोळी गिळवत नाही, म्हणून मी ती खलात कुटून कोमट दुधातून देते. परंतु छातीतली जळजळ काही कमी होत नाही. गोळी शेवटी पोटातच जाणार असेल, तर ती अख्खी गेली काय किंवा कुटून गेली काय, फरक का पडावा?

प्रतिसाद १
फरक पडतो, कारण ही गोळी जठरात विरघळावी अशी बनवलेलीच नसते. पँटोप्राझोल आम्लात टिकत नाही. त्यामुळे गोळीवर असे आवरण देतात, जे जठरात शाबूत राहते आणि आम्लता ओसरल्यावर लहान आतड्यात विरघळते. तिथे शोषले गेलेले औषध यकृतातून पुढे जाऊन रक्तावाटे जठराच्या भिंतीतील आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते, म्हणजे ज्या जठरातून गोळी नुसतीच पुढे सरकली, तिथेच औषध मागच्या दाराने परत येते. गंमत अशी, की ज्या आम्लापासून ते जपायचे, त्याच आम्लामुळे ते पेशींपाशी सक्रिय होऊन आम्लाचे पंप बंद पाडते. कुटल्यावर आवरण फुटते आणि बरेचसे औषध वाटेतच नष्ट होते.

प्रतिसाद २
मग जेलुसिल घेतल्यावर काही मिनिटांतच बरे कसे वाटते? आणि उपाशीपोटीचा आग्रह कशासाठी?

प्रतिसाद ३
जेलुसिल जठरात असलेले आम्ल थेट उदासीन करते. त्यासाठी ते रक्तात जावे लागत नाही. म्हणून आराम लवकर पडतो आणि लवकर सरतोही. पँटोप्राझोलचे रक्तातील प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येते. तरीही दिवसाला एक गोळी पुरते, कारण एकदा बंद पडलेल्या पंपाच्या जागी पेशीला बहुतांशी नवा पंप तयार करावा लागतो. मात्र हे औषध चालू असलेल्या पंपांवरच काम करते आणि ते मोठ्या संख्येने चालू होतात खाल्ल्यावर. त्या वेळी औषध रक्तात हजर असावे, यासाठी गोळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घेतात. गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सगळे पंप एका वेळी चालू नसल्यामुळे पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात.

प्रतिसाद १ (पुरवणी)
गोळी गिळवत नसल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगा. याच वर्गातील ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये बहुधा आवरण दिलेले बारीक दाणे असतात. काही कॅप्सूल उघडून ते दाणे न चावता गिळता येतात. आपल्या सासूबाईंना ते चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील.