अनुभव धागा : ट्रोम्सो ते लाँगयरब्येन, अंतर किती आणि वेळ किती?

उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहावरचं लाँगयरब्येन, या हवाई मार्गाची नीट माहिती असणाऱ्यांनी इथे लिहावं. आकडे, कागदपत्रं, घोडं कुठे अडतं, सगळं हवं आहे.

*

अंतर सुमारे ९६० किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. मर्केटर या नेहमीच्या पद्धतीच्या नकाशात हा पट्टा विषुववृत्ताच्या तुलनेत तीन ते पाच पट ताणलेला असतो. त्यापेक्षा अक्षांश घ्या. ट्रोम्सो ६९.७, लाँगयरब्येन ७८.२५, म्हणजे फरक ८.५५ अंश. तिकडे एक अंश साधारण १११.६ किमी भरतो, गुणाकार ९५४. रेखांशांत साडेतीन अंशांचा फरक आहे खरा, पण इतक्या वर ते एकमेकांना खेटलेले असतात, त्यामुळे जेमतेम पाच-सहा किमीची भर पडते.

*

वेळ साधारण १ तास ४० मिनिटं. ताशी ८०० किमीने नुसती ७२ मिनिटं होतात. उरलेली चढण्या-उतरण्यात आणि जमिनीवरच्या ये-जा करण्यात जातात. घड्याळ दोन्हीकडे एकच. जाताना उजवीकडची खिडकी घ्या: निम्मी वाट सरल्यावर, ढग नसतील तर, समुद्रात एकटंच ब्यॉर्नया बेट दिसतं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लाँगयरब्येनला सूर्य उगवतच नाही, तेव्हा खिडकीसाठी जादा पैसे मोजू नका.

*

वेळेचा खरा घोळ पासपोर्टपाशी होतो. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसा-क्षेत्राच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून येणारं विमान ट्रोम्सोला थांबलं की उतरून पासपोर्ट दाखवायचा आणि त्याच विमानात परत बसायचं. हातातलं सामान सोबत घ्या.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा: स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते. लाँगयरब्येनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परतताना पुन्हा प्रवेश. म्हणून शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद.

*

हवामानाबद्दल कुणीच लिहिलं नाही. धुकं किंवा आडवा वारा असला आणि उतरता आलं नाही, तर जवळ दुसरा मोठा विमानतळ नाही; विमान मुख्य भूमीवर परत येतं. तेवढं इंधन घेऊनच ते निघतं. त्यामुळे परतीच्या दिवशीच ऑस्लोहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरू नका, मध्ये एक रात्र ठेवा. १९७५ साली सुरू झालेली ही धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात फुगतो, म्हणून तिची डागडुजी सतत चालू असते.

*

पुढे न्यू-ओलेसुंडला, म्हणजे भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून जिथे आहे तिथे, जाणाऱ्यांसाठी: आणखी सुमारे ११० किमी, अर्ध्या तासाच्या आत. विमान छोटं डॉर्निअर २२८, कानपूरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनवते त्याच जातीचं. वजनाला फार जपतात, त्यामुळे जड उपकरणं आधीच जहाजाने पाठवावीत. तिथल्या रेडिओ दुर्बिणींना अडथळा नको म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. फोनचं लक्षात राहतं, हातातल्या स्मार्ट घड्याळाचं आणि कानातल्या इअरबड्सचं राहत नाही; तीही लाँगयरब्येनलाच बंद करा.