मदत हवी आहे: घरी ऑइल बदलल्यानंतर मारुती ८०० मधून गळती, आणि ऑइलचा दिवा उशिरा विझतो

नमस्कार.

माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. गाडी वडिलांनी घेतली होती आणि आजवर ९६ हजार किलोमीटर चालली आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०१९ मध्ये आणि त्यानंतर पाच वर्षांनी २०२४ मध्ये तिच्या नोंदणीचे नूतनीकरण केले, दोन्ही वेळा तपासणीत काही निघाले नाही. तिचे ऑइल आतापर्यंत गॅरेजमध्येच बदलले जात असे. वडील आता नाहीत, गाडी माझ्या हाती आली आहे, आणि तिची निदान साधी कामे तरी स्वतःला यावीत या इच्छेने गेल्या रविवारी मी प्रथमच घरी ऑइल आणि फिल्टर बदलले. तेव्हापासून तीन गोष्टी बिघडल्या आहेत. गणपतीला आईला घेऊन साताऱ्याहून कुंभार्ली घाटाने गुहागरकडे जायचे असल्यामुळे त्याआधी हे नीट समजून घेणे मला आवश्यक वाटते.

मी काय केले ते क्रमाने सांगतो, कारण चूक त्यातच कुठेतरी असणार. इंजिन दहा मिनिटे चालवून कोमट केले, पोर्चमध्ये पुढची बाजू जॅकने उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावले, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि चेंबरचा (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचा) नट १७ नंबरच्या रिंग पान्याने सोडला. घमेल्यात पडलेले ऑइल नंतर बाटल्यांत भरून मोजले तेव्हा ते सव्वादोन लिटरच्या आसपास भरले. फिल्टर हाताने निघेना, म्हणून त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून पकड घेतली आणि फिरवला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल लावून तो हाताने घट्ट केला. चेंबरच्या नटाचा वॉशर जुनाच वापरला. त्यानंतर २०डब्ल्यू-४० ऑइलचा तीन लिटरचा डबा पूर्ण ओतला, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहिली, पातळी वरच्या खुणेला बरोबर टेकलेली दिसली, आणि मग गाडी स्टँडवरून खाली घेतली.

आता तक्रारी. पहिली, रात्रभर उभ्या गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर सकाळी तळहाताएवढा डाग दिसतो. चेंबरचा नट आणि फिल्टरची खालची कड दोन्ही ओली असतात, त्यामुळे ऑइल नेमके कुठून येते ते कळत नाही. दुसरी, सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइलचा लाल दिवा पूर्वी लगेच विझत असे, तो आता चार ते पाच सेकंद राहतो आणि तेवढा वेळ वरच्या बाजूने टॅपेटची (इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) खडखड ऐकू येते. दिवा विझला की आवाजही थांबतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत चमत्कारिक वाटते: गळती असूनही सपाट रस्त्यावर गाडी उभी करून पाहिले तर पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे. पातळी जास्त असताना दिवा उशिरा का विझावा?

गेल्या चार दिवसांत गाडी एकूण बारा किलोमीटर चालली आहे. धूर नाही, चालताना आवाज नाही. इंजिनाला इजा झाली असेल का, आणि तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण सगळे क्रमाने लिहिलेत त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. प्रथम एक विनंती: फिल्टर काढून पाहीपर्यंत गाडी सुरूसुद्धा करू नका.

जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग अनेकदा इंजिनच्या बैठकीलाच (फिल्टर टेकतो त्या जागेलाच) चिकटून राहते. इतकी वर्षे उष्णता खाऊन ती चपटी आणि काळी झालेली असते आणि लोखंडाचाच भाग वाटते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात. सुरुवातीला थोडेच ऑइल झिरपते, पण इंजिनला रेस दिली आणि दाब वाढला की वरची रिंग बाजूला सरकू शकते, आणि मग सगळे ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येते. घाटात असे झाले तर इंजिन जाईल. आपण बैठक पुसल्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून मला पहिली शंका हीच येते.

पातळीचे कारण आपल्याच वर्णनात आहे. आपण पट्टी पाहिलीत तेव्हा गाडी पुढून उचललेली होती, त्यामुळे ते वाचन धरता येत नाही. तशाच तिरप्या अवस्थेत ऑइल काढल्यामुळे काही ऑइल चेंबरच्या कोपऱ्यात मागे राहिले आणि त्यावर आपण पूर्ण डबा ओतलात. पुढच्या वेळी गाडी सपाट ठेवूनच ऑइल काढा, आधी अडीच लिटर घाला, एक मिनिट इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटे थांबा आणि मग पट्टी पाहून थोडे थोडे वाढवा. जास्त ऑइलकडे दुर्लक्ष करू नका. पातळी फार वर गेली तर फिरणारा क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) त्यात बुडून फेस करतो, आणि फेसाळ ऑइलला दाब धरता येत नाही.

आता दिवा. तो पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब अगदी थोडा तयार झाला तरी तो विझतो, त्यामुळे दिवा विझला म्हणजे सर्व ठीक आहे असेही समजू नये. फिल्टरमध्ये ऑइल मागे परतू न देणारी रबरी पडद्याची झडप असते. ती नीट बंद होत नसेल किंवा रिंगमधून हवा शिरत असेल, तर रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. आपल्याला ऐकू येणारी खडखड त्या काही सेकंदांची आहे. बारा किलोमीटरमध्ये याने मोठी इजा झाली असण्याची शक्यता मला कमी वाटते.

चेंबरच्या नटाला नवा वॉशर घाला आणि गळती थांबवण्यासाठी नट जोराने आवळत बसू नका. १४ मिलिमीटर आट्याच्या या नटाला आवळण्याचा जोर साधारण ३५ न्यूटन मीटर पुरतो. चेंबरचे आटे गेले तर काम फार वाढते.

धागाकर्ता

मनापासून आभार. आपली शंका अक्षरशः खरी ठरली. फिल्टर काढून बैठकीवर टॉर्च मारला तेव्हा मला काहीच वेगळे दिसले नाही, सगळे गोल आणि काळे. मग कडेला नख लावले तर ते रुतले. नख तसेच पुढे सरकवत नेल्यावर जुनी रिंग आख्खी निघून हातात आली. ती बांगडीसारखी कडक झाली होती आणि टेबलावर टाकली की टक असा आवाज येत होता. नव्या फिल्टरची रिंग एका बाजूने दबून तिरपी झालेली असल्यामुळे तो फिल्टरही मी वापरला नाही, दुसरा आणला. बैठक कोरड्या फडक्याने दोनदा पुसली, फिल्टर बसवण्यापूर्वी त्यात थोडे ऑइल भरले, आणि रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा दिला. चेंबरचा नट या वेळी सोडलाच नाही, कारण पहिल्यांदा खूण न करता आवळल्यामुळे आट्यांविषयी माझ्या मनात धास्ती होती. फिल्टरबरोबर थोडे ऑइल गेलेच होते, उरलेले जादा ऑइल पट्टीच्या नळीतून सलाईनची नळी आणि ५० मिलिलिटरची सिरिंज लावून काढले. कोमट इंजिनवर सहा वेळा ओढल्यावर पातळी दोन खुणांच्या मध्ये आली.

त्यानंतर गळती कुठे उरली आहे का हे पाहण्यासाठी सगळा भाग पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली आणि दहा मिनिटे इंजिन चालवले. फिल्टरभोवतीची पावडर पांढरी राहिली. चेंबरच्या नटाखाली मात्र एक तपकिरी रेघ उमटली, म्हणजे तिथली झिरप वेगळी होती आणि ती जुन्या वॉशरचीच असावी. दिवा आज सकाळी दीड ते दोन सेकंदांत विझला आणि खडखड आली नाही.

एकच प्रश्न राहिला. नुसता वॉशर बदलण्यासाठी हे नवे ऑइल स्वच्छ भांड्यात काढून पुन्हा तेच घालावे का, की रात्रीतून एक थेंब इतकी झिरप असताना पट्टीवर लक्ष ठेवून गुहागरला जाऊन यावे?

प्रतिसाद

काढून पुन्हा घालायला हरकत नाही. ऑइल जेमतेम बारा किलोमीटर चाललेले आहे. घमेले मात्र धुऊन पूर्ण कोरडे करा, पाण्याचा अंशही राहू देऊ नका, आणि ओतताना गाळणीवर बारीक सुती कापड धरा. थेंब किरकोळ आहे, पण तो वॉशरमुळे आहे की नट सैल राहिल्यामुळे, हे आपल्याला अजून माहीत नाही, आणि सैल नट घाटरस्त्याच्या हादऱ्यांवर सोडणे मला पटत नाही. आटे हाताने पाहा: नट पान्याशिवाय, बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर आटे शाबूत आहेत.

धागाकर्ता

तीन दिवसांपूर्वी काम केले. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला. जुना वॉशर एका बाजूने पातळ झाला होता, आता तांब्याचा नवा घातला आहे. तीन रात्री पुठ्ठा कोरडा आहे. निघण्यापूर्वी कराडपर्यंत जाऊन येईन आणि पुन्हा पट्टी पाहीन. पहिले सव्वादोन लिटर जळके ऑइल झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवले आहे. वापरलेले ऑइल घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, त्यामुळे ते गटारात किंवा मातीत ओतायचे नाही हे ठरलेलेच होते. नेहमीच्या गॅरेजवाल्यांनी त्यांच्या पिंपात घेण्याचे कबूल केले आहे, उद्या पोचते करतो.