खटल्यातले संस्कार आणि रोटाचे गहू

तापीकाठ
परवा इथे 'फ्लॅटातली पोरं का मोडतात' अशी पोस्ट आली. सार असं की खान्देशातल्या खटल्यात, म्हणजे एकत्र कुटुंबात, वाढलेला माणूस कधी एकटा पडत नाही, त्याला वाटून खायची सवय असते, मोठ्यांचा धाक असतो. आणि पुण्याच्या टू बीएचकेतला पोरगा एका नापासात ढेपाळतो. ४०० लाइक. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

मी यावल तालुक्यातल्या २२ माणसांच्या खटल्यात वाढलो. धाब्याचं घर, एक चूल, आणि सगळा पैसा आबांच्या बंडीच्या खिशात. माझा बाप ४५ वर्षांचा असताना माझ्या परीक्षेच्या एसटी भाड्यासाठी आबांपुढे उभा राहिलेला मी पाहिलाय. आबांनी आधी विचारलं, "सायकलवर का नाही जात?" मग दिले. वाटण्या झाल्या तेव्हा बाप ५१ वर्षांचा होता आणि त्याला बँकेची स्लिप भरता येत नव्हती. उभा जन्म स्वतःच्याच घरात बिनपगारी सालदार होता तो. आईचं तर लिहीतच नाही. कळण्याच्या भाकरी थापून झाल्यावर चौघी जावा उरलंसुरलं खायच्या, त्याला 'वाटून खाणं' म्हणायचं असेल तर म्हणा.

मला काय मिळालं? नाही म्हणता येत नाही. सोसायटीच्या कर्जाला चुलतभावाने जामीन राहा म्हटलं, राहिलो. हप्ते आता मी फेडतोय.

नऊ वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला होता, तेव्हा घरातली सात माणसं आळीपाळीने रात्रभर उशाशी बसली. हेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल लपवलं.

केळीबाग
पोस्ट माझी होती. भाऊ, तुमचे आबा कंजूष होते, त्याचा राग खटल्यावर कशाला?

मी सातवीत असताना वडील गेले. काकांचा पोरगा आणि मी एकाच वर्गात. दहावीनंतर घरात एकाच्याच फीचे पैसे होते. काकांनी स्वतःच्या पोराला आयटीआयला घातलं आणि मला पुढे इंजिनीअरिंगपर्यंत शिकवलं, कारण मार्क माझे जास्त. काकू वर्षभर काकांशी बोलल्या नाहीत, पण माझा डबा एक दिवस चुकला नाही. कोणता फ्लॅट हे करेल सांगा.

तापीकाठ
आणि तो चुलतभाऊ आज काय म्हणतो?

केळीबाग
तो बोलत नाही माझ्याशी. तो विषय वेगळा आहे.

भुसावळ लोको
दोघेही हवेत बोलताय. मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारखी जुळी वेगळ्या घरांत वाढूनही स्वभावाने जवळपास तितकीच सारखी निघाली, जितकी एका घरात वाढलेली. माणूस बराचसा येतानाच घडून येतो.

तापीकाठ
मिनेसोटातल्या जुळ्यांना आबांकडे एसटीचे पैसे मागावे लागत होते का?

उधना पॅसेंजर
तुमच्या भांडणाची गंमत वाटते. माझा बाप अमळनेरकडून सुरतला गेला, लूमवर बारा तासांची पाळी. लिंबायतला एका खोलीत आम्ही पाच जण. खटलं नाही आणि फ्लॅटही नाही. बाप दिवसा झोपायचा, म्हणून आम्ही भावंडं कुजबुजत वाढलो. अजूनही माझा आवाज मोठा निघत नाही, बायको म्हणते चोरासारखे बोलता. हे कोणत्या संस्कारात बसवता? खटल्याला आधी वावर लागतं. आमना आजला सांगे, "ज्याले वावरच नही, तो खटलं कोठे मांडी?"

दुसरं म्हणजे, संस्कार रक्ताच्याच माणसांनी करावेत असा नियम आहे का? साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवत होते आणि छात्रालयही सांभाळत होते. तिथली पोरं काय त्यांच्या भाऊबंदकीतली होती?

शिरपूरची आंडेर
इतके सगळे पुरुष संस्कारांवर बोलताय तर मीही एक सांगते. आमच्याकडे कानबाईच्या सणाला रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, माणशी सव्वा मूठ. मी सहा वर्षांची असताना आजीला विचारलं, माझी मूठ कुठंय? आजी म्हणाली, तुझी तुझ्या सासरी पडेल. सासरी गेले तर तिथेही नवऱ्याची आणि दिराची. सहाव्या वर्षी मला कळलं मी या घराची कोण आहे ते. याला म्हणतात जडणघडण.

केळीबाग
ताई, देवाधर्माला मध्ये आणू नका. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी येतात तेव्हा झोका बांधण्यापासून सांजोऱ्यांपर्यंत सगळं त्यांच्यासाठीच असतं.

शिरपूरची आंडेर
अखजीचंच सांगते मग. बाबा गेले त्याच्या पुढच्या अखजीला भावाने सांजोऱ्यांच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद ठेवला. मागितला नाही, नुसता ठेवला. बारा एकर, बागायती. त्या घरात मी दोन गोष्टी शिकले होते: मोठ्याचं ऐकायचं आणि घरातलं घरात ठेवायचं. दोन्ही संस्कार उत्तम. दोन्ही भावाच्या कामाला आले.

केळीबाग
लग्नात सोनं घातलं असेल ना? तो हिस्साच असतो. आणि वडील २००५ च्या आधी वारले असतील तर मुलीला हक्कच नाही.

कोर्टाच्या पायरीवरून
चूक. हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर ती मोडत नाही. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच मुलींना हिस्सा दिला होता, फक्त तेव्हा लग्न झालेल्यांना वगळलं. सोन्याचा यात कुठेही उल्लेख नाही. मात्र हक्कसोड रजिस्टर होऊन फेरफार मंजूर झाला की नंतर रडून फारसा उपयोग नसतो.

कपाशी क्विंटल
वा. मी ३३ वर्षांचा. पाच एकर, विहीर, ठिबक. अकरा ठिकाणी पाहून आलो. पोरीच्या बापाचा पहिला प्रश्न: पुण्यात फ्लॅट आहे का? शेतकऱ्याला पोरगी द्यायची नाही आणि शेतात हिस्सा मात्र पाहिजे. हे कोणत्या घरचे संस्कार?

शिरपूरची आंडेर
त्या पाच एकरांत तिचं नाव कधी लागेल, हे अकरापैकी एका ठिकाणी तरी सांगितलंत का?

कपाशी क्विंटल
म्हणजे कांदेपोह्यांच्या बशीशेजारी सातबारा ठेवू?

शिरपूरची आंडेर
ठेवा. माझ्या भावाला सांजोऱ्यांशेजारी कागद ठेवायला लाज वाटली नाही.

कपाशी क्विंटल
तुमच्यासारखी वहिनी ज्या घरात गेली त्या घराचं

*(पुढचा मजकूर काढला आहे. विषयाला धरून बोला. – संचालक)*

भुसावळ लोको
विषय फ्लॅटातल्या पोरांचा होता. कोणाला आठवतोय का?

केळीबाग
नाही. ताई, रोटाचं तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडेही पुरुषांचीच मूठ मोजतात, आईला आत्ता फोन करून विचारलं. "कोण पेटवतंय तुला?" म्हणाली. मान्य करतो, खूश व्हा. पण तापीकाठ भाऊ, तुम्ही आईवर, चार जावांवर इतकं कळवळून लिहिलंत. तुमच्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे का?

तापीकाठ
हा मुद्दा नव्हता.

केळीबाग
आहे की नाही?

तापीकाठ
नाही. २०१६ ला हक्कसोड झाली. निबंधकाच्या ऑफिसात तिला मीच मोटारसायकलवर घेऊन गेलो. आई म्हणाली, ने, तर नेलं. सही झाल्यावर बाहेर चहा घेतला. पैसे तिनेच दिले, मला देऊ देईना.

केळीबाग
मग माझे लाइक कशाला मोजत बसले होते भो?