आठ लिटर देत असली तरी आटवा

गाभणपणाचा सातवा महिना भरला तरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आठ लिटर देतेय, मग आटवून, म्हणजे धार बंद करून, दूध का घालवायचं, असं तुम्ही विचारलंत. दादा, ते दूध पुढच्या वेताच्या खात्यातून निघतंय. कासेतल्या जुन्या पेशी जाऊन नव्या यायला 45 ते 60 दिवसांची विश्रांती लागते. 40 दिवसांच्या आत गाय व्याली, तर पुढच्या वेताला दूध बहुतेक घटतंच.

आटवताना खुराक कमी करा, पाणी तोडू नका. शेवटची धार पूर्ण काढून सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि डॉक्टरांना विचारून आटवणीची ट्यूब (सडात सोडायचं औषध) सोडा. कास तटतटली म्हणून परत धार काढू नका. सड लाल, गरम वाटला तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

आपल्या वाळवा-कराड पट्ट्यात खरा घोळ वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा. साखर कारखाने सुरू झाले की गव्हाणीत नुसती वाढीच! त्यातलं ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, ते गाईच्या अंगी लागत नाही. व्याल्यावर चिकातून आणखी कॅल्शियम जातं आणि गाय मान पोटाकडे वळवून बसते, कान गार पडतात. हाच मिल्क फिव्हर. बसलेल्या गाईला बाटली पाजू नका, ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात.

म्हणून आटवलेल्या भाकड गाईला वाढ्यांबरोबर मका, कडबा हवाच. व्यायच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवा. त्याआधी पेंड चारून लठ्ठ केलेली गाय व्याल्यावर वैरण सोडते आणि किटोसिसला (अंगातली चरबी जळून रक्तात कीटोन वाढण्याच्या आजाराला) बळी पडते.