उत्तर: अंदाज बरोबर आला का, हे विचारून पाहावं का?

बसमध्ये शेजाऱ्याचे हात, चपला बघून तो कोण, काय करतो याचा अंदाज बांधा आणि लगेच त्यालाच विचारून खातरजमा करा, असं एकानं सुचवलंय. पहिलं पटलं, दुसरं नाही. बेळगाव-खानापूर बसमध्ये मी नेमकं तेच केलं. शेजारी बारीक केस कापलेला, ताठ बसलेला पोरगा. बेळगावात लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटचं सेंटर आहे, त्यामुळे डोकं तिकडंच धावलं. ‘सुट्टीवर काय?’ म्हणून विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘नाही काका, मेडिकलमध्ये बाद झालो.’ भरतीची तयारी करणारी पोरंही केस तसेच ठेवतात की! पुढं खानापूरपर्यंत दोघंही गप्प.

भाषेचा अंदाज तर आमच्या भागात मनातच ठेवावा. माणूस पैसे मायबोलीत मोजतो म्हणतात, पण इथं घरात मराठी आणि शाळा कन्नड असलेला माणूस ‘ओंदु, एरडु’ करत मोजतो. ‘तुम्ही कन्नड का?’ हा प्रश्न इथं साधा राहत नाही, समोरचा आधी तुमचा हेतू तपासतो. मी आता अंदाज घरी येऊन वहीत लिहितो, नाव-गाव, फोटो काही नाही. गप्पांत आपसूक कळलं तर बरोबर की चूक अशी खूण, नाहीतर जागा रिकामी. निम्म्याहून जास्त रिकाम्याच आहेत.