मदत हवी आहे: कात्रजच्या नळाच्या खुणा कुठे दिसतील?

नमस्कार मंडळी. दिवाळीत नागपूरहून भाचेकंपनी येतेय. शनिवारवाडा दाखवूच, पण १८२८च्या आगीनंतर तिथे उरलेत तट आणि चौथरे. पोरं लगेच कंटाळतात. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याची वाट दाखवायचं मनात आहे. कात्रजचा तलाव, जमिनीखालचा दगडी नळ, वाटेतले उच्छ्वास (नळात हवा खेळावी म्हणून बांधलेले झरोके), पेठांतले हौद, वाड्यातलं हजारी कारंजं... सगळं नुसत्या उतारावर, पंपाशिवाय! फडके हौद चौकातून रोज जातो, पण हौद काही दिसत नाही. सदाशिव पेठेत किंवा सातारा रस्त्याकडे एखादा हौद वा उच्छ्वास रस्त्यावरून बघता येतो का? खूण नेमकी सांगा, 'अमुक दुकानाच्या मागे' अशी. सोबत सासूबाई आहेत, जिने नकोत.